आठ पॉइंट चार

दुपारी कूलर सुरू असला की आत्याला फोनची रिंग ऐकू येत नाही, म्हणून ती मोबाइल माठाशेजारच्या कोनाड्यात उताणा ठेवते आणि उजेड लागला की उचलते. यंदा मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या घरी मी जेवून तशीच लवंडले होते. कूलरच्या ओल्या गवताचा वास, पोटात आमरस, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोनाड्यात उजेड लागला. आत्याने फोन उचलून सवयीने स्पीकर दाबला. पलीकडून कोवळ्या वयाच्या मुलाचं आदबशीर हिंदी आलं, "आंटीजी नमस्ते, आपकी तीन महीने वाली शुगर आठ पॉइंट चार आई है ना? घबराने की बात नहीं." मग कसलीशी पावडर, तीन महिन्यांचा कोर्स, आजच्या आज नाव नोंदवलं तर सवलत. आत्याने मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, "नको बेटा" म्हणाली, फोन जागेवर ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांगून राहिलीस का कोणाला?"

"मी काहून सांगीन?"

"मग त्याला आकडा कसा माहीत?"

त्या पोराचा राग यायला मला बराच वेळ लागला. आधी लागलं ते आत्याचं विचारणं. तिला तपासणीला मीच घेऊन गेले होते, रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर आला होता, आणि सुनेला सांगायचं नाही हे तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. सुनेशी तिचं भांडण नाही. पण साखर आहे म्हटलं की आमरसाची वाटी लहान होईल, सणाला पुरणपोळीवर तुपाची धार धरताना कोणीतरी हात आखडेल, आणि घरातली मोठी बाई म्हणून जे एक वजन असतं ते हळूच दुसऱ्याच्या हातात जाईल. ती सांगणार होतीच, पण आपल्या वेळेला, आंब्याचा हंगाम सरल्यावर. आणि इथे कुठल्या शहरात बसलेला कोण जाणे एक पोरगा तिला तिचाच आकडा दशांशासकट ऐकवत होता. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना आत्याने सुनेकडे दोनदा निरखून पाहिलं. रिपोर्टची लिंक माझ्या मोबाइलवरून हिच्याकडे तर गेली नसेल? मग शेजारच्या औषधाच्या दुकानदाराचं नाव काढलं. मग जावयाचं. माहिती फुटल्याच्या बातम्यांत नेहमी कोटींचे आकडे असतात. घरातल्या घरात माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागतात, ते त्यांत कुठे मोजलेलं मी वाचलं नाही.

खरं तर आम्ही वाड्यात वाढलेली माणसं. खासगी म्हणून काही असतं हे आम्हाला कोण शिकवणार? महालात आम्ही राहायचो त्या वाड्यात फोन फक्त मालकांकडे. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेत त्यांचाच नंबर छापलेला असे, पुढे पी. पी. ही दोन अक्षरं. कोणाचा फोन आला की मालकीणकाकू चौकात येऊन हाक मारायच्या, आणि त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्यासमोर, भाजी निवडणाऱ्या त्यांच्या हातांकडे बघत आपण बोलायचं. इतवारीतला व्यापारी बाबांकडे उधारी मागायला फोन करायचा, ते काकूंना माहीत. माझा निकाल त्यांना माझ्याआधी कळला. माझं एक लग्न ठरता ठरता मोडलं, ते तर त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात देतानाच ओळखलं होतं. आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली नाही. अनवाणी चौक ओलांडून आल्या, आईच्या पाठीवर हात ठेवला आणि मग बोलल्या.

काकू सगळं पोटात ठेवायच्या असं मात्र मुळीच नाही. माझ्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट अर्ध्या वाड्यात त्यांनीच पोचवली. आईला कळलं तेव्हा ती सकाळच्या नळावर, सगळ्यांदेखत, त्यांना बोलली. घागरी भरून वाहत होत्या आणि दोघी भांडत होत्या. मग बरेच दिवस अबोला. मग एका संध्याकाळी काकू डब्यात सांबारवडी घेऊन दारात उभ्या राहिल्या, नुसत्या उभ्या, आणि आईने डबा घेतला. पुढे पुष्कळ वर्षांनी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री बसायला पहिल्या त्याच आल्या. माहिती तेव्हाही फुटत होती. फक्त फोडणाऱ्याला तोंड होतं, त्याचं दार ठाऊक होतं, आणि जाब विचारायला नळ होता.

मला आता तो नळ हवा होता.

म्हणून मी धंतोलीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले. दवाखाने, मेडिकल स्टोअर्स आणि दुहेरी लावलेल्या गाड्या यांतून वाट काढत गेलं की काचेचा दरवाजा, आत एसीचा गारवा आणि स्पिरिटचा वास. काउंटरवरची मुलगी चांगली होती. माझं बोलणं ऐकून तिचाही चेहरा उतरला. "आमच्याइथून नाही जात मॅडम. आम्ही फक्त सॅम्पल घेतो आणि एंट्री करतो." एंट्री कुठे? सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअर कोणाचं? बाहेरच्या कंपनीचं. रिपोर्टची लिंक कोण पाठवतं? ती आपोआप जाते. मी मोबाइल काढून तिला ती लिंक दाखवली. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, उघडली की आत्याचं नाव, वय, नंबर आणि तो आकडा. ज्याच्या हाताला लिंक लागेल त्याला रिपोर्ट मोकळा. एवढ्यात आतून मॅनेजर आले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, नंबर तर तुम्ही शंभर ठिकाणी दिला असेल. हे आमच्याकडूनच गेलं असं कशावरून?"

मनात म्हटलं, नंबर शंभर ठिकाणी दिला असेल, आठ पॉइंट चार एकाच ठिकाणी होता. पण त्यांचं पहिलं वाक्य अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं. वर्धा रोडवरच्या मॉलमध्ये दोन टॉवेल घेतले तरी बिल करणारा आधी नंबर विचारतो. दुकानदारांनी मोबाइल नंबरसाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या मे महिन्यात बजावलं होतं. ते त्या बिल करणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "सिस्टीम पुढेच जात नाही मॅडम." मागे रांग असते, तिला घाई असते, आपल्यालाही असते. सोसायटीच्या गेटवरच्या अॅपवर नंबर, कुरिअरवाल्याला नंबर, लग्नाच्या हॉलच्या चौकशीला नंबर. एकदा व्हेरायटी चौकात फुटाणे घेतले, तर पुडी कोणाच्या तरी कर्जाच्या अर्जाची निघाली. वरच्या कोपऱ्यात टाय लावलेल्या माणसाचा फोटो, खाली त्याचा पगार. फुटाणे गरम होते म्हणून खाल्ले. त्या माणसाचं काय करावं ते सुचेना. शेवटी कागदाचे तुकडे केले, आणि तेवढ्यानेच आपण फार सज्जन असल्यासारखं वाटलं.

आपल्या खासगीपणाला घटनेचा आधार आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला निकाली काढला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की आहे, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ मध्येच आहे. मूळ याचिका कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती पुट्टस्वामींची. आणि त्या नऊ जणांत एक आपल्या नागपूरचे, शरद बोबडे. इथल्याच विद्यापीठात कायदा शिकलेले, इथल्याच खंडपीठात वकिली केलेले. त्यांनी आपलं स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं आहे. तेव्हा पेपरात वाचून उगाच छाती फुगली होती, आपल्या गावच्या माणसाने काहीतरी मोठं केलं अशी. पण घटनापीठाचा निकाल धंतोलीच्या काउंटरपर्यंत पोचायला मध्ये एक कायदा लागतो. तो, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आणि त्यातही आत्याच्या कामाचा जो भाग, म्हणजे माहिती सांभाळायची सक्ती, फुटली तर कळवायची सक्ती, विचारायचा आणि पुसून घ्यायचा हक्क, तो नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहे. म्हणजे मे २०२७.

मी हे सगळं एका वकील स्नेह्यांकडे बसून समजून घेतलं. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांची बसायची जागा आहे, झाडाखाली, टपरीचा चहा आणि फायलींवर वजन म्हणून ठेवलेली वीट. ते मला एकेक गोष्ट सांगत होते आणि मी प्रत्येक वेळी एकच विचारत होते, "यात आत्याला काय मिळणार?" नव्या कायद्यात माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. ऐकायला भारदस्त आहे. पण दंडाचा पैसा जातो सरकारी तिजोरीत, भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला मिळते ती सूचना, की तुमची माहिती गेली आहे. उलट, माणसाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड. तो मात्र त्याच्या खिशातून. वकील हसले. मला हसू आलं नाही.

जुनी सोय काय होती? माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-अ होतं. अजून आहे म्हणायला हवं, पण मे २०२७ पर्यंतच. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे माणसाची नाजूक माहिती बाहेर गेली आणि त्याचं नुकसान झालं, तर त्या माणसालाच भरपाई. २०११ च्या नियमांत नाजूक माहिती कोणती ते लिहून ठेवलं होतं, त्यात आजारपण आणि वैद्यकीय कागद होते. नवा कायदा लागू झाला की हे कलम जाणार, आणि नाजूक माहिती असा वेगळा कप्पाही त्यात नाही. आत्याची साखर आणि तिचा पिनकोड एकाच पारड्यात. बरं, ४३-अ खाली दाद कोणाकडे मागायची? राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे. ते मंत्रालयात, मंत्रालय मुंबईत. विदर्भ एक्सप्रेसने एक रात्र जायला, एक यायला. सरकार हिवाळ्यात अधिवेशनाला आमच्याकडे येतं खरं, पण ते काही आत्याच्या रिपोर्टसाठी येत नाही.

"मग फुटल्या फुटल्या कळवायचा नियम नाही का कुठे?" मी विचारलं. आहे. २०२२ पासून कंपन्यांनी अशी घटना सहा तासांत कळवायची, पण ती दिल्लीच्या सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेला. ग्राहकाला नव्हे. ग्राहकाला कधी कळतं? एअर इंडियाचंच बघा. त्यांच्या प्रवाशांची माहिती एका बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेतून गेली, जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची, ऑगस्ट २०११ पासूनच्या जवळजवळ दहा वर्षांतली. कंपनीला २०२१ च्या फेब्रुवारीअखेर समजलं. कोणाकोणाचं गेलं आणि काय गेलं, हे प्रवाशांना सविस्तर कळलं मे महिन्यात. नव्या नियमांत हे अंतर मिटायला हवं. विलंब न करता माणसाला सांगायचं, साध्या भाषेत, काय गेलं आणि आता त्याने काय काळजी घ्यावी ते. या कायद्याची अंमलबजावणी बघणाऱ्या बोर्डाला ७२ तासांत तपशील द्यायचा. माझ्या शंकेखोर मनाला एवढंच वाटलं, की हे सगळं त्या कंपनीला मुळात कळलं तर. आत्याच्या लॅबने तर अजून आपल्याकडून काही गेलंय हेच मान्य केलेलं नाही.

भरपाई मिळते तिथेही सगळं गोडच आहे असं नाही. अमेरिकेत इक्विफॅक्स नावाच्या, लोकांच्या कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीतून २०१७ साली साधारण १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. दोन वर्षांनी तडजोड झाली, हवं त्याने १२५ डॉलर रोख मागावेत असं जाहीर झालं. पण त्या रोख रकमेसाठी बाजूला काढलेले होते सगळे मिळून ३.१ कोटी डॉलर. मागणारे इतके निघाले की थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारी आयोगालाच सांगावं लागलं, एवढे मिळणार नाहीत, फार कमी मिळतील. युरोपात मनाला झालेल्या त्रासाचीही भरपाई मागता येते, आणि तो त्रास अमुक एवढा मोठा असलाच पाहिजे अशी अट नाही, असं तिथल्या न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. हे ऐकून बरं वाटलं. सुनेकडे संशयाने बघत घेतलेला तो चहा युरोपात निदान कागदावर मांडता आला असता.

आपल्याकडे आज, आत्ता, मांडायला उरते ती ग्राहकाची वाट. २०१९ च्या ग्राहक कायद्यात एक वाक्य आहे, फारसं कोणी वापरत नाही असं वकील म्हणाले. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्यात बसत नसताना दुसऱ्या कोणाला दिली, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. लॅबला आपण पैसे मोजले, पावती आहे, म्हणजे आत्या ग्राहक. जिल्हा ग्राहक आयोग इथेच नागपुरात. एवढ्या लहान पावतीच्या तक्रारीला फी नाही. वकील नाही दिला तरी चालतो, हे वकिलांनी स्वतः सांगितलं आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले. अडचण पुराव्याची राहतेच. त्या पोराचा नंबर होता, पण मी लावून पाहिला तर लागत नव्हता. कॉल रेकॉर्ड केलेला नाही. लॅब सॉफ्टवेअरवाल्यांकडे बोट दाखवणार, सॉफ्टवेअरवाले लॅबकडे. तरी आठ पॉइंट चार हा आकडा कुठे कुठे होता याची यादी छोटीच आहे, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला आयोगासमोर उभं करता येतं, एवढा धीर त्यांनी दिला.

आत्याला हे सांगायला गेले तेव्हा ती कैरीच्या फोडी करत बसली होती. पैशांचं ऐकून तिने मान हलवली. "पैसे नको. त्यांनी कोणाकोणाला सांगितलं त्यांची नावं दे म्हणा मला. सगळ्यांची." मी गप्पच झाले. कारण नव्या कायद्याच्या ११व्या कलमात हेच आहे. तुमची माहिती कोणाकोणाला दिली, त्या सगळ्यांची नावं मागायचा हक्क. वकिलांनी मला समजवायला अर्धा तास घेतला, आत्या कायदा न वाचता थेट तिथे जाऊन बसली. मी तिला सांगितलं, हे मागता येईल, पण पुढच्या मे महिन्यापासून. ती म्हणाली, "तोवर मी असंन का?" मी म्हटलं, त्याचीही सोय आहे बाप्पा, आपल्यामागे हा हक्क कोणी वापरायचा त्याचं नाव लिहून देता येतं. तिने सुरी खाली ठेवली. बराच वेळ विचार केला.

"सुनेचं टाक. ती सोडत नाही कोणाला."

"मग तिला साखरेचं सांगावं लागेल."

"ते मी सांगीन. कागदाने नाही सांगायचं."

लॅबला आम्ही मराठीतच पत्र दिलं. लिंक बंद करा, रिपोर्ट बाहेर कोणाकडे गेला ते कळवा, सॉफ्टवेअर कोणाचं ते कळवा. लिंक आता उघडत नाही, एवढं झालं. उत्तर एका ओळीचं आलं, तक्रारीची नोंद घेतली आहे म्हणून. आयोगाच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. फक्त नुकसानभरपाईची रक्कम लिहायची जागा रिकामी आहे. वकील म्हणतात पन्नास हजार लिहा, कमी लिहिलं तर समोरचा मनावर घेत नाही. आत्या म्हणते तपासणीचे पैसे लिहा, तेवढेच आपण दिले. मी दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, रोज वेगळ्या आकड्यावर. मुदत दोन वर्षांची असते, घाई नाही. पोळा झाला की दाखल करू असं ठरलंय.